कुलाब्याचं दार बंद झालं, आता घराचं उघडू या

मैत्रिणींनो, लोणच्याची कृती आणि स्वेटरचे नमुने यांच्या मधोमध एका बारची गोष्ट कशाला, असं तुमच्या मनात येईल. येणारच. बार म्हटलं की आपल्याला आठवतो तो पगाराच्या दिवशी उशिरा घरी येणारा माणूस आणि ताट झाकून त्याची वाट बघत बसलेली बाई. तेव्हा नाक मुरडलंत तरी चालेल, पण पान उलटू नका. या बारशी तुमचा-माझा संबंध आहे, आणि तो दारूमुळे आलेला नाही.

मुंबईत कुलाब्याला, आर्थर बंदर रोडवर 'वूडू' नावाचा एक पब होता. शनिवारी रात्री तिथे समलिंगी पुरुष जमायचे. समलिंगी म्हणजे ज्यांच्या मनाची आणि शरीराची ओढ आपल्यासारख्याच लिंगाच्या माणसाकडे असते ते. १९९० नंतरच्या दशकात पडलेला हा शिरस्ता नवं शतक उजाडल्यावरही बरीच वर्षं चालू होता. आता वूडू बंद आहे. अशा कितीतरी जागा मुंबईत उघडतात नि मिटतात, त्याचं कुणाला काय? पण हा पब बंद झाल्यावर अनेक प्रौढ पुरुषांना माहेर तुटल्यासारखं वाटलं असेल, असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होणार नाही. आपलं घर हयात असताना, आईवडील हयात असताना, एका पबात माहेर शोधायची वेळ या मुलांवर का आली? आज विचार करायचा आहे तो याच प्रश्नाचा.

भिवंडीहून कुलाब्याला

आपल्या भिवंडीत मंडईपासून धामणकर नाक्यापर्यंत आणि कामतघरपासून पद्मानगरपर्यंत हिंडलात तरी अशा जागेची पाटी तुम्हांला दिसणार नाही. आपलं गाव मागांचं. १९८२ मध्ये मुंबईतल्या गिरण्यांचा संप झाला, आणि नंतरच्या काळात कापडाचं पुष्कळ काम इथल्या यंत्रमागांवर आलं. गावोगावचे, परप्रांतांतले तरुण इथे आले. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खाणावळीत जेवणारे, महिन्याला घरी पैसे धाडणारे. इतकी माणसं जिथे एकत्र राहतात, तिथे समलिंगी माणसं नाहीत असं कसं होईल? ती असतात. दिसत नाहीत, एवढंच. जिथे भिंतीला भिंत लागून घरं आणि खोकल्याचा आवाजही शेजारी ओळखतात, तिथे दिसायचं धाडस कोण करणार?

आता समजा, साल आहे १९९६. धामणकर नाक्याजवळ राहणारा, शिकलेला, हिशेबनीसाची नोकरी करणारा पंचविशीतला एक मुलगा आहे. घरात लग्नाची बोलणी चालू आहेत. त्याला कुणाकडून तरी कुलाब्याच्या त्या पबाविषयी कळलं आहे. भिवंडीहून मुंबईला जाणारी थेट लोकल नाही. आपलं भिवंडी रोड स्टेशन पडलं दिवा-वसई मार्गावर. तेव्हा एस.टी.ने नाहीतर रिक्षाने ठाणं गाठायचं, तिथून लोकलने ३४ किलोमीटर व्ही.टी., आणि पुढे बसने कुलाबा. अडीच तास तरी हवेतच. घरी सांगायचं, मित्राच्या बहिणीची हळद आहे. परत यायचं तर मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने शेवटची गाडी सुटते. ती चुकली तर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत फलाटावर बसून राहायचं.

हा मुलगा कल्पनेतला आहे, पण हा रस्ता खरा आहे. ठाणं, कल्याण, डोंबिवली, विरार, पनवेल, सगळीकडच्या मुलांपुढे असाच एखादा रस्ता होता. एवढी यातायात करून तो मिळवणार काय होता? दोन तास. ज्या दोन तासांत कुणी त्याला विचारणार नव्हतं, "काय रे, लाडू कधी देतोस?"

पाटी नसलेली जागा

आर्थर बंदर रोड म्हणजे कुलाबा कॉजवेवरून समुद्राकडे जाणारी गल्ली. अत्तराची दुकानं, अरब पाहुण्यांची वर्दळ, जुन्या इमारती. याच गल्लीत १९७० च्या दशकात 'स्लिप डिस्क' नावाचं डिस्को होतं. 'लेड झेपेलिन' या जगप्रसिद्ध इंग्रजी वाद्यवृंदातले दोघे, जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट, १९७२ मध्ये मुंबईत आले असताना तिथे वाजवून-गाऊन गेले होते. पुढे त्याच जागी वूडू आलं. वूडू काही श्रीमंती थाटाचं ठिकाण नव्हतं. आठवड्याचे बाकीचे दिवस तिथे कुणीही यावं, बसावं, जावं. शनिवारी मात्र ते 'आपलं' व्हायचं.

बाहेर तशी पाटी नव्हती, आणि असणं शक्यही नव्हतं. कळायचं ते तोंडोतोंडी. आपल्याकडे एखाद्या चांगल्या वैद्याची किंवा स्वस्त साडीच्या दुकानाची माहिती जशी कानोकानी पसरते, तशीच ही.

वूडूच्याही आधीपासून कुलाब्यातच, ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीतलं 'गोकुळ' हे परमिट रूम अशा भेटींसाठी ओळखीचं होतं. तो काही समलिंगींचा बार नव्हे. तिथे कारकून, खलाशी, कॉलेजची पोरं, सगळेच येत. पण शनिवारी संध्याकाळी त्यातल्या काही टेबलांवर एकमेकांना ओळखणारी ही मंडळी बसत. बियर स्वस्त, गलका भरपूर, त्यामुळे कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. आधी गोकुळ, मग वूडू, अशी कित्येकांची शनिवारची वाट असे.

बारच का?

"पण बारच का? देवळात भेटावं, बागेत भेटावं, वाचनालयात भेटावं," असं एखादी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. उत्तर कायद्यात आहे आणि आपल्या घरांतही आहे.

इंग्रजांनी १८६० मध्ये भारतीय दंड संहिता केली. तिच्यातल्या ३७७ व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंधांना गुन्हा ठरवलं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली. या कलमाखाली खटले फार होत नसत, पण धाक पुरेसा होता. बागेत किंवा स्टेशनवर दोन पुरुष बोलताना दिसले की कुणीही यावं, "पोलिसात देतो, घरी कळवतो," म्हणून घड्याळ, पाकीट काढून घ्यावं. तक्रार कुणाकडे करणार? तक्रार करायची म्हणजे स्वतःचंच नाव द्यायचं. शिवाय १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात सार्वजनिक जागी असभ्य वर्तन करण्याविरुद्धचं ११० वं कलम होतंच. बाग आणि स्टेशन या अशा जागा. मग चार भिंती, एक दार आणि आत येणाऱ्याला चौकशा न करणारा मालक असलेली जागा सुरक्षित वाटली, यात नवल नाही.

आणि वाचनालय, देऊळ, लग्नघर? तिथे पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा, तिसरा 'लग्न झालं का' हा. बारमध्ये कुणी हे विचारत नाही. आपल्या समाजात चौकशा न करणाऱ्या जागा इतक्या थोड्या आहेत की, त्यांतली एक दारूच्या दुकानात सापडावी, ही बारची थोरवी नव्हे, आपली उणीव आहे.

हे काही मुंबईपुरतं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात 'स्टोनवॉल इन' नावाचा असाच एक बार होता. २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी तिथे धाड घातली. अशा धाडी नेहमीच्याच. पण त्या रात्री आतली-बाहेरची माणसं मान खाली घालून गाडीत बसायला तयार झाली नाहीत. पुढे काही दिवस रस्त्यावर संघर्ष झाला, आणि तिथूनच समलिंगींच्या हक्कांची चळवळ जगभर फोफावली. २०१६ मध्ये अमेरिकन सरकारने ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. आपल्या वूडूवर कुणी असा दगड बसवणार नाही. पण स्मारक म्हणजे काही दगडच असतो असं नाही.

एका आईची मुलाखत

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुम्हांला अभिमान वाटेल. आपल्या देशात हा विषय जाहीरपणे, स्वतःच्या नावानिशी पहिल्यांदा कुठे मांडला गेला? विद्यापीठात नाही, संसदेत नाही. तो मांडला गेला बायकांच्या मासिकात! १९८६ मध्ये 'सॅव्ही' या इंग्रजी महिला मासिकात मुंबईचे पत्रकार अशोक राव कवी यांनी आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं. त्या सुमारास त्याच मासिकात त्यांच्या आईची, शोभा राव कवी यांचीही मुलाखत आली. विचार करा, साल १९८६! कलम ३७७ लागू, शेजारीपाजारी नावं ठेवायला टपलेले, आणि एक आई आपल्या मुलाविषयी छापील पानावर बोलते आहे.

त्यानंतर १९९० मध्ये राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं. १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था निघाली. मुंबई महानगरपालिकेने तिला वाकोल्याच्या आपल्या इमारतीत जागा दिली. एड्सच्या साथीविरुद्ध काम करायचं तर या लोकांपर्यंत पोचायला हवं, आणि पोचायचं तर त्यांच्यातलीच माणसं हवीत, हे पालिकेने ओळखलं. १९९८ मध्ये 'गे बॉम्बे' हा गट सुरू झाला. गप्पा, सहली, चित्रपट, पालकांच्या बैठकी, असं त्याचं काम. म्हणजे ज्या काळात शनिवारी वूडूचं दार उघडत होतं, त्याच काळात दिवसाउजेडी भेटायच्या जागाही हळूहळू तयार होत होत्या. १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत मुंबईत अभिमान यात्रा निघाली. अंधाऱ्या खोलीत एकमेकांना बघितलेल्या माणसांनी एकमेकांना भर उन्हात रस्त्यावर बघितलं. या जागांचा वारसा म्हणतात तो हा. आपण एकटे नाही, हे कळणं. एकदा ते कळलं की बाकीचं सुचत जातं.

मराठी माणूस या विषयाला अगदीच अनोळखी होता असं नाही. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातली मित्रा रोहिणी हट्टंगडींनी उभी केली होती. पाठोपाठ १९८२ मध्ये जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त महिलाश्रमातल्या दोन मुलींच्या नात्याचा प्रसंग आला. आपण बघितलं, हळहळलो, घरी येऊन कुकर लावला. नाटकातल्या मित्राविषयी रडणं सोपं असतं. तीच आपल्या आतल्या खोलीत अभ्यास करत बसली आहे, हे मानणं कठीण.

ज्यांच्यासाठी ते दार नव्हतं

वूडूचं कौतुक करताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते दार सगळ्यांसाठी नव्हतं.

पहिल्या म्हणजे बायका. या जागा होत्या पुरुषांच्या. ज्या मुलींचं मन मुलींकडे ओढ घेत होतं, त्यांनी रात्री अकरा वाजता घराबाहेर पडून कुलाब्याला जायचं कसं? मुलाला निदान 'मित्राच्या बहिणीची हळद' हे निमित्त होतं. मुलीला संध्याकाळी सातनंतर तेही नाही. त्यांच्या भेटी झाल्या त्या मैत्रिणींच्या घरांत. १९९५ मध्ये मुंबईत 'स्त्री संगम' हा गट निघाला, तो अशाच बायकांचा. पुढे १९९८ मध्ये दीपा मेहतांचा 'फायर' चित्रपट आला. दोन जावांच्या प्रेमाची ती कथा. मुंबईत आणि दिल्लीत चित्रपटगृहांची मोडतोड झाली. 'असलं आपल्यात नसतं' असं तेव्हा ओरडून सांगितलं गेलं. ज्यांच्यात होतं, त्यांनी ते घरात बसून ऐकलं.

दुसरे गरीब. पबात जायला पैसे लागतात, बरे कपडे लागतात, थोडंफार इंग्रजी लागतं. आपल्या गोपाळनगरातला मागावर बारा तास उभा राहणारा मुलगा तिथे पोचणारच नव्हता. त्याच्या वाट्याला आलं ते स्टेशन, आणि तिथली भीती.

आणि तिसरी, जिचा विचार फारसा कुणी केला नाही, ती म्हणजे घरी असलेली बायको. हो, बायको. शनिवारी त्या पबात येणाऱ्यांत विवाहित पुरुषही असत. आईने डोळ्यांत पाणी आणलं, वडिलांनी अन्नपाणी सोडायची धमकी दिली, "लग्न झालं की सगळं सुरळीत होईल" असं नात्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि मुलगा बोहल्यावर चढला. त्याचे हाल झाले हे खरंच, पण अंतरपाटाच्या पलीकडे जी उभी होती, तिला कुणी काही सांगितलं होतं का? ती रात्र रात्र विचार करत राहिली की, 'माझ्यातच काही कमी आहे का?' नटून पाहिलं, उपास केले, सासूचे टोमणे ऐकले, पाळणा हलत नाही म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या. दोष कुणाचा? तिचा तर नाहीच. त्या मुलाचाही पुरता नाही. दोष त्या घराचा, ज्याने खरं ऐकायला नकार दिला आणि आपली लाज झाकायला परक्याची मुलगी आणली.

मैत्रिणींनो, हा विषय महिला साप्ताहिकातला आहे तो यासाठी. एका मुलाला घरात खरं बोलता आलं नाही, तर त्याची किंमत दोन कुटुंबं मोजतात, आणि सगळ्यांत मोठा हप्ता भरते ती एक निरपराध मुलगी.

कायदा बदलला

आता कायद्यात काय झालं ते थोडक्यात बघू, कारण अजूनही पुष्कळांना वाटतं की हा गुन्हा आहे. तो नाही.

२ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की, सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने, खाजगीत ठेवलेल्या संबंधांना ३७७ कलम लावता येणार नाही. तो निर्णय ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. या लढाईत एक गोष्ट विशेष घडली. समलिंगी मुलांचे १९ पालक सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. "या कायद्याचा धाक आमच्या मुलांनाच नाही, आमच्या घरांनाही आहे," असं त्यांचं म्हणणं होतं. अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला आणि सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३७७ सारखं कलमच नाही.

लग्नाचा हक्क मात्र मिळालेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, तो निर्णय संसदेने घ्यायचा. त्या खटल्याच्या वेळीही चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांसाठी विवाहाचा हक्क मागितला होता. २०२४ मध्ये काही व्यवहारी गोष्टी सोप्या झाल्या. अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, एकमेकांचं नाव नॉमिनी म्हणून नोंदवता येतं, असा खुलासा केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये केला. शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातले धरावं, असंही राज्यांना कळवण्यात आलं. रेशनकार्डावर दोघांची नावं! संसार कशाला म्हणतात हे आपल्या बायकांना कुणी सांगायला नको. तो बँकेच्या पासबुकात आणि रेशनकार्डातच असतो.

आता काम घराचं

वूडू गेलं. पूर्वी ज्या ओळखीसाठी कुलाबा गाठावं लागे, ती आता हातातल्या मोबाइलवर होते. सोय झाली, पण धोकाही वाढला. खोटी ओळख करून, बोलावून घेऊन लुबाडायचं, मग "घरी सांगतो" म्हणून पैसे उकळायचे, हे प्रकार होतात. हा धाक चालतो तो कशाच्या बळावर? घरी माहीत नाही, एवढ्याच बळावर. ज्या घरात आधीच माहीत आहे, तिथे धमकावणाऱ्याचं काही चालत नाही. म्हणजे आईच्या कानावर घातलेली गोष्ट हीच मुलाची खरी तिजोरी.

तर मग, उद्या तुमच्या मुलाने किंवा मुलीने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "आई, तुला एक सांगायचंय," म्हटलं, तर काय करावं?

१. गॅस बंद करा आणि बसा. सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका. रडू आलं तर येऊ द्या, पण "तू आम्हांला जिवंतपणी मारलंस" असलं वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. मुलं ते जन्मभर विसरत नाहीत.

२. "आमच्या वाढवण्यात काय चुकलं?" हा प्रश्न सोडून द्या. काही चुकलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. हा आजार नव्हे, असं भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं.

३. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, मग तो बाबा-बुवा असो की पांढऱ्या कोटातला. जो आजारच नाही, तो बरा काय करणार? मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा 'उपचारां'वर बंदी आणण्याचे आदेश दिले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. मुलगा उदास असेल, झोपत-जेवत नसेल, तर त्या उदासीसाठी मानसोपचार तज्ज्ञाकडे अवश्य न्या.

४. लग्नाने 'सुधारेल' म्हणून स्थळं बघू नका. मुलगी पसंत करायला निघताना एकच प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या लेकीला कुणी असं दिलं असतं तर?

५. आणि हे ज्या मुलीच्या बाबतीत घडून गेलं आहे, तिच्यासाठी. तुझ्यात काही कमी नाही. तुझं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल, तर फसवून घेतलेल्या संमतीबद्दलची तरतूद १२ व्या कलमात आहे. पण फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत न्यायालयात जावं लागतं. तेव्हा 'बघू, पुढे बदलेल' म्हणत वर्षं घालवू नकोस, वेळेवर वकिलाचा सल्ला घे.

६. मुलाने तुम्हांला सांगितलं, म्हणजे साऱ्या नात्यात सांगायची परवानगी दिली असं नाही. कुणाला, कधी सांगायचं हे त्याला ठरवू द्या. वडिलांना सांगताना मात्र त्याच्या शेजारी बसा.

७. एकट्याने कुढू नका. मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' आहे. 'स्वीकार' हा पालकांचा गट २०१७ मध्ये मुंबईतच सुरू झाला. त्यात आयाच आयांशी बोलतात. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला. त्यांनी या विषयावर आपल्या मराठीत पुष्कळ लिहिलं आहे. त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी एका मुलाच्या दैनंदिनीच्या रूपात आहे. आधी आपण वाचावी, मग टेबलावर सहज दिसेलशी ठेवावी. मुलं काय ते समजतात.

आणि मुलाने काहीच सांगितलेलं नसेल तर? खोदखोदून विचारू नका. मात्र टीव्हीवर अशा माणसाची टिंगल चालली असताना आपण हसतो की नाही, हे मुलं बघत असतात. दाराबाहेर टाळी वाजवत आलेल्या तृतीयपंथीयाशी आपण कसं बोलतो, हे त्यांच्या कानांवर पडत असतं. चाळीतल्या कुणाविषयी 'तसला' म्हणून कुजबूज झाली की आपण त्यात भर घालतो की विषय बदलतो, हेही ती नोंदवून ठेवतात. आईला सांगावं की नाही, याचा निर्णय मूल त्या नोंदींवरून घेतं, आणि तो कित्येक वर्षं आधी घेतलेला असतो.

कुणी म्हणेल, "हे सगळं मोठ्या शहरातल्या शिकलेल्यांचं. आमच्या भिवंडीत चालायचं नाही." मला तसं वाटत नाही. हिंदू-मुसलमान, तेलुगू-मराठी, उत्तरेचे-दक्षिणेचे असे सगळे एका आळीत राहून, एका नळावर पाणी भरून ज्या गावाने दिवस काढले, दंगलींनंतर पुन्हा शेजार जोडला, त्या गावाला एकमेकांशी जुळवून घेणं शिकवावं लागत नाही. माग ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की तुटलेला एक धागा तसाच सोडला, तर सगळ्या ताग्यात दोष येतो. म्हणून माग थांबवायचा, गाठ मारायची आणि मग पुढे विणायचं.

शनिवारी रात्री तुमचा मुलगा उशीर करणार असेल तर त्याला एवढंच सांगा: "कुठेही जा, कुणाबरोबरही जा, पण गाडी चुकली तर फलाटावर बसून राहू नकोस, मला फोन कर. मी जागी आहे." पुढचं त्याला जेव्हा सांगायचं असेल, तेव्हा तो सांगेल.